गवत्या

"कवाडा, तिले सांग गा, तलाव काही तिच्या माहेराहून आंदण नाही आला."

हा आवाज माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे मोठ्या दिरांचा, चैतराम वलथऱ्यांचा. इतकी वर्षं झाली, ते कवाड वाळवीनं खाऊन चुलीत गेलं, तरी आवाज माझ्या कानात उंबऱ्याबाहेरच उभा आहे. पाठ घराकडे, तोंड गल्लीकडे, आणि बोलणं लाकडाशी.

आमच्या ढिवरटोलीत, मासेमारांच्या वस्तीत, भासऱ्यानं भाऊसुनेशी बोलू नये, आणि भाऊसुनेनं तर नाहीच नाही. त्यानं तिचं तोंड पाहू नये, तिची सावली त्याच्या पायावर पडू नये. अगदीच बोलायची पाळी आली तर मध्ये काहीतरी लागतं. सासू चालते, शेळी चालते, चूलही चालते. आमच्याकडे कवाड होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्हा दोघांचं सगळं भांडण त्यानंच ऐकून घेतलं होतं.

मी आतून म्हटलं, "कवाडा, त्यायले सांग, माहेराहून नाही आला, पण माहेरासारखा जपला तर कोणाच्या पोटात काहून दुखते?"

बाहेर खोकला झाला. चपला वाजल्या आणि गेल्या.

मुरारी ओट्यावर जाळ्याची फाटकी गाठ बांधत होता. मुरारी म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे; आता घेते. तो खाली मान घालून हसला. "अवो, एखाद्या दिवशी कवाड फाटन तुमच्या दोघांच्या मध्ये."

"फाटू द्या. मग तोंडावर बोलीन."

"बोलशील, बोलशील," तो म्हणाला. आणि दाताने सूत तोडलं.

भांडण तलावाचं होतं. आमचा तलाव भंडाऱ्याकडच्या शेकडो तलावांसारखाच, कोण्या जुन्या मालगुजाराच्या, जमीनदाराच्या, काळात मातीची पाळ घालून बांधलेला. माझी सासू सांगायची, तिच्या तरुणपणी पाळीवर उभं राहिलं की पाणी दिसायचं नाही, नुसती पानं दिसायची. कमळ, शिंगाडा, भातासारखं आपोआप उगवणारं देवधान. त्या पानांखाली मरळ मासोळी पिल्लं घेऊन हिंडायची, जशी कोंबडी हिंडते. दळताना सासू म्हणायची,

पाण्याच्या पोटामंदी हिरवं हिरवं रान
मरळीच्या बाळासाठी कमळाचं पान.

मी सून होऊन आले तेव्हा ती ओवी उरली होती, रान नव्हतं. काठानं बेशरमीची झुडपं माजली होती, मधलं पाणी चहासारखं, तळ उघडाबोडका. मासेमारी सोसायटीच्या पुरुषांनी बाहेरून माशांचं बीज आणून टाकायचं, मोठं झालं की ओढायचं, एवढंच चाले. आणि गावात ठेकेदार यायला लागला होता. तलाव माझ्याकडे द्या, म्हणायचा, तुम्ही घरी बसा.

त्याच सुमारास नागपूरकडून शुभदाताई आल्या. कुठल्याशा संस्थेच्या. त्यांनी पुरुषांना नाही, आम्हा बायांना पाळीवर बोलावलं. सोसायटीचे पुरुष हसले. बाया मासे विकतात, तलाव थोडीच पाहतात! बाईनं जाळ्याला हात लावला तर जाळं रिकामं येते, असं आमच्यात मानतात.

शुभदाताईंनी पहिल्या दिवशी एक थाळी दाखवली. पाव भाग काळा, पाव पांढरा, परत काळा, परत पांढरा. मधोमध दोरी, दोरीला गाठी.

"ही पाण्यात सोडायची," त्या म्हणाल्या. "खाली जाता जाता एका जागी दिसेनाशी होते. तिथं थांबायचं आणि गाठी पाहायच्या. जितकी खोल दिसेल तितकं पाणी निवळ."

देवांगना, माझी मैत्रीण, जिच्या जिभेला कधी सुट्टी नव्हती, तिनं हात वर केला. "ताई, सासू सोडली तर? ती किती गाठीवर दिसेनाशी होते?"

"देवांगनाबाई, ती होत नाही," शुभदाताई म्हणाल्या. "ती आपल्यालाच पाहत बसते."

त्या दिवशी आमची गट्टी जमली. मग आम्ही शिकलो. बांबूची चौकट पाण्यावर टाकून तिच्या आत कोणती वनस्पती किती ते पाहायचं. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात आला. बेशरम कापली तर दुप्पट येते, ती मुळासकट उपटायची. उन्हाळ्यात तलाव आटला की उघड्या तळावर नांगर फिरवायचा आणि दुसऱ्या तलावातून आणलेली मुळं, गड्डे, बिया चिखलात लावायच्या. आमचे हात सोलून निघाले. बेशरमीचा चीक लागून देवांगनाचे दोन्ही हात सुजले, तरी ती म्हणे, "नाव बेशरम, पण आपल्यापुढं शरमली."

सोसायटीत ठराव झाला. अध्यक्ष चैतराम वलथरे, माझे भासरे. बायांना दोन पावसाळे द्यायचे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, होळी झाली की सभा. तलाव सुधारलेला दिसला तर बाया सोसायटीच्या सभासद आणि तलाव गावाकडे. नाही दिसला तर ठेकेदाराला. सभेत भासऱ्यांनी उघड म्हटलं होतं, "गवताचे लाड नको. गवत्या टाका, बाप्पा. झपाट्यानं वाढते, पैसाही देते." गवत्या म्हणजे बाहेरून आणलेला एक मासा. पाण्यातलं गवत, पानं, कोंब, जे हिरवं दिसेल ते खातो. शुभदाताईंनी तेव्हाच सांगितलं, तो आला की तुमची लावणी गेली. सभेनं गवत्या नको असं ठरवलं. भासऱ्यांनी मान हलवली, पण त्यांचं तोंड मी पदराआडून पाहिलं होतं. ते तोंड माझ्या मनात बसलं.

पहिल्या पावसाळ्यानंतर कमळाची चार पानं आली. दुसऱ्यात तर पाणी पुन्हा हसायला लागलं. रोज सकाळी मुरारी डोंगा काढायचा, मी पुढं बसायची, तो मागं उभा राहून बांबूनं डोंगा रेटायचा. मी थाळी सोडायची. ती खाली जाई, जाई, आणि दिसतच राही. आषाढात एक दिवस दोरी संपली, थाळी तळाला टेकली, आणि मला ती तिथं पानांमध्ये दिसत होती. मी ओरडले. मुरारीनं बांबू सोडून टाळी वाजवली. डोंगा भलतीकडेच वाहत गेला.

चहाच्या टपरीवर मात्र त्याला नवीन नाव पडलं होतं. "आला, थाळीवालीचा नावाडी!" कोणी म्हणे, "मुरारी, बायको पाणी पाहाले जाते, तू काय तिची साडी पाहाले जातं का गा?" तो हसून सोडून देई. निदान मला तसं वाटे. घरी येऊन तो शेळीला वैरण कापायचा. श्रावणापासून तर रोज मोठा भारा कापू लागला. पहाटेच डोंग्यात टाकायचा, म्हणायचा, पलीकडच्या काठाला शेळी चरायला बांधतो, तिथं देतो. सासू कुरकुरे, "एवढी वैरण खाऊन शेळीच्या फासळ्या काहून दिसतेत गा, मुरारी?"

"जंत असतीन, माय."

कार्तिकात थाळी लवकर दिसेनाशी व्हायला लागली.

मला आधी वाटलं, डोळे. मी पदरानं डोळे पुसले, पुन्हा सोडली. आधी जिथं ती तळाला टेकून दिसायची तिथं आता अर्ध्यावरच नाहीशी व्हायची. चौकट टाकली तर आत कापलेले देठ. उपटलेले नाही, कुजलेले नाही, जसे कोणी विळ्यानं कापावेत तसे.

"वाऱ्यानं ढवळलं असन," मुरारी म्हणाला.

"वारा देठ कापते का?"

"बदकं आले असतीन."

पौषात उत्तर स्वतःच डोंग्यात येऊन पडलं. मी वाकून थाळी पाहत होते, तेवढ्यात पाणी फुटलं आणि हातभर लांब, चांदीसारखा एक मासा आम्हा दोघांच्या मध्ये धपकन पडला. आपटत होता. जाड खवले, बोथट तोंड. तोंडात हिरवा धागा, देवधानाच्या पात्याचा.

गवत्या.

मुरारीनं झटकन वाकून तो उचलला आणि पाण्याकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं.

"सोडता काय? इकडं द्या तो."

"पुरात आला असन एखादा," तो म्हणाला. 

मी तो मासा पदरात गुंडाळून टोलीतून नेला. प्रत्येक दारात दाखवला. देवांगनानं त्याचं पोट चिरलं. सगळं हिरवं. आमच्या दोन उन्हाळ्यांची लावणी त्या पोटात चावून बारीक झालेली होती. एकीनं शिवी दिली, मग दुसरीनं, मग कोणीच थांबेना.

"बीज कोण आणू शकते?" देवांगनानं विचारलं. "ज्याच्या हातात सोसायटी, त्याच्या हातात बीज."

नाव कोणी घेतलं नाही. मला घ्यायची बंदी होती आणि त्यांना माझ्यासमोर घ्यायची लाज. पण सगळ्यांनी माझ्या घराशेजारच्या घराकडे पाहिलं.

संध्याकाळी कवाडाबाहेर खोकला झाला.

"कवाडा, तिले सांग, मासा घेऊन गावभर नाचू नये."

मी भाकरी थापत होते. पीठ लागल्या हातानंच कवाडाशी गेले. "कवाडा, त्यायले विचार, मासा कोणी आणला? ज्याले गवत्याचा पुळका होता, त्यानंच ना?"

बाहेरून आवाज आला, हळू, जसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "कवाडा, तिले म्हणावं, बाहेर बोट दाखवायच्या आधी माणसानं आपल्या घरात पाहावं."

माझ्या अंगाची आग झाली. चोर तो चोर, वर मलाच धमकी! मी म्हटलं, "कवाडा, माझ्या घरात चूल आहे, सासू आहे, वाळलेली शेळी आहे. त्यायले सांग, येऊन पाहून घ्या!" आणि कवाड असं लोटलं की वरची माती खाली पडली. मुरारी ओट्यावरून उठून अंधारात कुठं गेला ते मला कळलं नाही. सासू एकटीच शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

मी सभा बोलावली. बाई सभा बोलावते हेच कोणाला पटेना, पण बायांनी मासे विकणं बंद केलं, तेव्हा दोन दिवसांत पटलं. माघातली दुपार. सोसायटीच्या टिनाखाली पुरुष सतरंजीवर, बाया कडेनं, आणि मुरारी अगदी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ.

मी उभी राहिले. पदर डोक्यावर होता, पण तोंडावरून मागं सारला. भासऱ्यांनी लगेच मान वळवली, परंपरेप्रमाणे. मला बोलायचं होतं त्यांच्याशी, आणि मला कळेना हाक काय मारू. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी हाकच मारली नव्हती. त्यांना माझ्याकडून कोणतंच नाव नव्हतं.

"चैतराम वलथरे," मी म्हटलं.

मागून सासूचा आवाज आला, "अवो, निरुता, जीभ झडन."

"झडू द्या, आत्याबाई. चैतराम वलथरे, इकडं पाहा. आमचे हात पाहा. ह्या हातांनी आम्ही तळ नांगरला. तुम्हाले बायांचा तलाव नको होता तर सभेत नाही म्हणायचं होतं. चोरून मासा सोडून आमचं पीक काहून चारलं? होळीले ठेकेदार येईन, तलाव मेलेला पाहीन आणि घेऊन जाईन. तुम्हाले तेच पाहिजे ना? बोला. आज कवाड नाही इथं. बोला."

भासऱ्यांनी मान उचलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली, दाराकडे, चपलांच्या ढिगाकडे, आणि तिथं थांबली. मला वाटलं, पळायला वाट शोधतायत.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून सोसायटीच्या किल्ल्या काढून सतरंजीवर ठेवल्या, आणि टिनाच्या खांबाला म्हणाले, "खांबा, साऱ्यायले सांग. उद्या मोठं जाळं टाकू. तलावातला गवत्या काढू, एकूणएक. मग अध्यक्ष कोणाले करायचा त्याले करा."

"म्हणजे कबूल?" मी ओरडले.

भासऱ्यांनी ढिगातून आपल्या चपला काढल्या आणि ते बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारी टोली पाळीवर. पुरुष पाण्यात उतरले, आणि त्यांच्यामागं आम्ही. "बायायनो, जाळ्याले हात नका लावू," कोणी म्हातारा म्हणाला. देवांगनानं जाळ्याची दोरी कमरेला बांधून घेतली आणि त्याला विचारलं, "आजा, याहून रिकामं काय येईन?"

थंडीनं हाडं वाजत होती. मी रागानंच ओढत होते. राग मोठा बैल असतो, जड जाळंही ओढतो. बायांनी गाणं धरलं, तेव्हाच तोंडातून आलेलं:

ओढा गं बायांनो, जाळं ओढा गं नेटानं
सारं पाणी गढूळलं एका माशाच्या पोटानं.

भासरे सगळ्यांच्या पुढं होते, छातीभर पाण्यात, जाळ्याचा जड कोपरा खांद्यावर. ज्याच्यावर आळ त्यानंच सर्वात जास्त ओढावं, हे मला नाटक वाटलं. मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं ते कडवं पुन्हा पुन्हा म्हटलं. त्यांनी मागं पाहिलं नाही.

पहिल्या ओढीत गवत्ये आले, टोपलीभर. दुसऱ्या ओढीत आणखी. काही जाळ्यावरून उड्या मारून निसटले, पण परत सापडले. मग एक ओढ आली तिच्यात फक्त गाळ आणि दोन खेकडे. आणखी एक ओढली, तीही तशीच. पाळीवर कोणी टाळ्या वाजवल्या. देवांगनानं कमरेची दोरी सोडली.

"निघाले सारे!" ती म्हणाली. "आता उन्हाळ्यात पुन्हा लावू. गड्डे तर जिवंत आहेत."

मी वाकून हात पाण्यात घातला. तळाशी चिखलात बोटांना कोंब लागले, भाताच्या रोपासारखे कोवळे, नुकतेच फुटलेले. मला तिथंच पाण्यात बसून रडावंसं वाटलं. थोडेच होते, पण तलाव मेला नव्हता. जाळं गुंडाळायला सुरुवात झाली.

भासरे मात्र जाळं सोडेनात. ते पाण्यात तसेच उभे राहिले, ओठ निळे पडलेले, आणि डोंग्याकडे पाहत राहिले. मुरारी दिवसभर डोंग्यातच होता. तो पाण्यात उतरलाच नव्हता. त्याच्या पायाशी नेहमीचा वैरणीचा भारा होता.

"गुंडाळू नका," मुरारी म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की फक्त जवळच्यांनी ऐकला.

"काय झालं गा?" कोणीतरी विचारलं.

"अजून आहेत."

"कोठी? साऱ्या तलावात जाळं फिरलं."

"त्या कोपऱ्यात नाही फिरलं." त्यानं तुडुमाकडे हात केला. तुडूम म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं जुनं दगडी दार. त्याच्याजवळ खोल खड्डा आहे, खाली मोठे दगड आहेत म्हणून तिथं कोणी जाळं नेत नाही, फाटतं. "निम्मे तिथं आहेत. ते राहिले तर होळीपर्यंत एक कोंब राहणार नाही."

"तुले काय ठाऊक?" देवांगनानं विचारलं.

त्यानं बांबू टेकून डोंगा तुडुमाकडे नेला. आम्ही पाळीवरून मागं मागं गेलो. तिथं पोचल्यावर त्यानं भाऱ्यातून मूठभर गवत घेतलं आणि पाण्यावर टाकलं.

आधी काही नाही. मग पाणी उकळल्यासारखं झालं. बोथट तोंडं वर आली, एकावर एक, दाणे टाकल्यावर कोंबड्या याव्यात तशी, ओळखीनं, न भिता. त्यानं आणखी एक मूठ टाकली. ती त्याच्या हाताखालीच येऊन खायला लागली.

शेळीच्या फासळ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. श्रावणातले भारे आले. डोंग्यात पडलेला तो मासा आला, आणि तो पाण्याकडे नेणारा त्याचा हात.

मी मागं वळून पाहिलं. भासरे आले होते, थंडीनं थरथरत. पहिल्यांदाच आमची नजर समोरासमोर भेटली. एवढे दिवस त्यांना बोलायला माझ्यासमोर एक कवाडच होतं, आणि ते मी त्यांच्या तोंडावर लोटलं होतं.

मुरारी पाठ करून उभा होता. त्याचे खांदे खाली आले होते. तो डोंग्याच्या काठाला हात लावून म्हणाला, "डोंग्या, तिले सांग गा..."

"डोंग्याले नको सांगू," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्याला एकेरी बोलले. "मी तुझी भाऊसून नाही. माझ्याकडं तोंड कर."

त्यानं हातातलं उरलेलं गवत डोंग्यात टाकलं. मग तो वळला.

"श्रावणात बाहेरून बीज आणून मीच सोडलं," मुरारी म्हणाला. "दादानं पाहिलं होतं. तुझी लावणी खाऊ नये म्हणून मी त्यायले गवत घालत होतो, पण ते काही ऐकले नाही... सारे मले म्हणत, थाळीवालीचा नावाडी. वाटलं, निरू, ह्या तलावात माझंबी काही असावं."